कार्बोरेटरच्या मारुती ८०० ला घरी टर्बो: हवा दाबता येईल, पेट्रोल कसं पोचवायचं?

दर्यापूरकर_८००

राम राम मंडळी. गाडी १९९८ ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, ७९६ सीसी, तीन सिलिंडर, चार गिअर. रिंग-पिस्टन आणि वॉल्व्ह सीटचं काम होऊन नऊ हजार किलोमीटर झाले. कॉम्प्रेशन तिन्ही सिलिंडरला जवळपास सारखं, धूर नाही, तेल खात नाही. कबाड्याकडून १.३ लिटर डिझेलचा टर्बो मिळाला आहे. साधा आहे, हलत्या पात्यांचा नाही. शाफ्ट आडवा हलवला तर किंचित खेळ लागतो, मागेपुढे ओढला तर काहीच नाही. पंख्याच्या पात्या शाबूत.

शर्यत लावायची नाही. चार माणसं आणि सामान घेऊन परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना दुसऱ्या गिअरात रडून राहते, ती तिसऱ्यात चढावी एवढंच पाहिजे.

वेल्डिंग आणि खराद गावातच आहे. अडतं ते इथं: कार्बोरेटर टर्बोच्या आधी ठेवायचा की नंतर? मूळचा पेट्रोल पंप चालेल का? हेड पॅकिंग जाड टाकून कॉम्प्रेशन उतरवावं का? आणि आपल्याकडच्या मे महिन्यात हे टिकेल का?

जेटसुई

भाऊ, टर्बो बसवणं हा यातला सोपा भाग. दाब वाढला की पेट्रोल त्याच्या मागोमाग वाढलं पाहिजे आणि स्पार्क मागे सरकला पाहिजे, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पडली पाहिजे. या दोनपैकी एक जरी चुकलं तरी पिस्टन जातो, टर्बोला काही होत नाही.

आधी माप जुळतं का ते पाहा. १.३ डिझेल (१२४८ सीसी) ४,००० आरपीएमला मिनिटाला साधारण २,५०० लिटर जागा भरतं. तुमचं ७९६ सीसी ५,५०० ला सुमारे २,१९० लिटर. म्हणजे टर्बो मोठा पडत नाही, खालच्या रेसलाही फिरायला लागेल. फरक उष्णतेचा आहे. डिझेलच्या टर्बोला ७५०–८०० अंशांच्या धुराची सवय, पेट्रोल पूर्ण रेसवर ९०० च्या पुढे जातं. मिश्रण पातळ झालं की आणखी वर. म्हणून बूस्ट, म्हणजे टर्बोने वाढवलेला हवेचा दाब, ०.३५ बार (५ पीएसआय). त्याच्या वर जायचं नाही. हलत्या पात्यांचा टर्बो नाही घेतला हे चांगलं केलं, त्या पात्या या उष्णतेत जाम होतात.

कार्बोरेटर टर्बोच्या नंतर ठेवा, म्हणजे ब्लो-थ्रू. टर्बो फक्त हवा दाबेल, ती इंटरकूलरमधून (दाबलेली गरम हवा थंड करणारी जाळी) कार्बोरेटरच्या डोक्यावर येईल. आता पेट्रोलचं गणित पाहा, पुष्कळ जण इथंच फसतात.

फ्लोट चेंबरमधलं (कार्बोरेटरच्या वाटीतलं) पेट्रोल जेटमधून, म्हणजे मापाच्या बारीक भोकातून, वर येतं ते व्हेंचुरी (कार्बोरेटरचा अरुंद गळा) आणि फ्लोट चेंबर यांच्यातल्या दाबाच्या फरकावर. व्हेंचुरीत ०.३५ बार जास्तीचा दाब आला आणि फ्लोट चेंबर बाहेरच्या हवेला उघडा राहिला, तर पेट्रोल वर येण्याऐवजी खाली ढकललं जाईल. इंजिन नेमकं बूस्ट आल्यावर कोरडं पडेल. म्हणून फ्लोट चेंबरला तोच दाब मिळाला पाहिजे जो डोक्यावर आहे. कार्बोरेटरच्या तोंडातून फ्लोट चेंबरकडे जाणारा आतला व्हेंट उघडा ठेवा, बाहेर जाणारे बाकी सगळे व्हेंट पक्के बंद करा.

मग पंप. फ्लोट चेंबरमध्ये ०.३५ बार असेल तर फ्लोटच्या सुईतून (चेंबर भरलं की पेट्रोल थांबवणारी झडप) पेट्रोल आत जायला पंपाला ०.३५ अधिक ०.२ ते ०.२५, म्हणजे जवळपास ०.६ बार द्यावे लागतात. मूळचा पंप यात बसत नाही. काही ठिकाणी सुचवतात की पंपाच्या डायफ्रामच्या मागे बूस्टची नळी जोडा, मग पंपाचा दाबही तेवढाच वाढतो. कल्पना बरोबर, पण या इंजिनात पंप हेडवर आहे, कॅमवर चालतो, आणि डायफ्रामची मागची बाजू कॅमच्या घरात उघडते. तिथं बूस्ट दिला तर तो इंजिनच्या पोटात जाईल आणि ऑइल सीलमधून तेल बाहेर फेकेल. त्यामुळे मूळ पंप काढा, त्या जागी ६ मिलिमीटरची पट्टी पॅकिंगसकट बसवा.

इलेक्ट्रिक पंप घ्यायचा तो इंजेक्शनच्या गाडीचा. कार्बोरेटरसाठी मिळणारे छोटे टकटक पंप ०.२–०.३ बारलाच थांबतात. त्याच्यापुढे कार्बोरेटरसाठीचा, बूस्टची नळी लागणारा रेग्युलेटर आणि टाकीकडे जाणारी परतीची लाइन. इंजेक्शनच्या गाडीचा तीन बारचा रेग्युलेटर चालत नाही, तो खाली उतरतच नाही. बूस्ट नसताना रेग्युलेटर ०.२ बारवर लावा. बूस्टची नळी कार्बोरेटरच्या डोक्यावरून घ्या, मेनिफोल्डमधून नको. मेनिफोल्डमध्ये आयडलला व्हॅक्यूम असतो, तो पेट्रोलचा दाब शून्याखाली ओढतो.

पंप पुरतो की नाही हे गाडी चालवण्याआधी मोजा. रेग्युलेटरच्या बूस्ट नळीला सायकलच्या पंपाने ०.३५ बार द्या. सुईकडे जाणारी लाइन सोडून तिच्या तोंडाला गेज आणि छोटा कॉक लावा, कॉक इतकाच उघडा की गेज ०.५५ च्या खाली उतरू नये. पेट्रोल लिटरच्या बाटलीत घ्या. इंजिनला पूर्ण बूस्टमध्ये तासाला १७–१८ लिटर लागू शकतं, म्हणजे मिनिटाला ३०० मिली. बाटलीत मिनिटाला ५०० मिलीच्या वर आलं पाहिजे. हे काम उघड्यावर करा, आजूबाजूला विडी-काडी नको. पंपाचा रिले ऑइल प्रेशरच्या स्विचमधून न्या, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंप बंद. अपघातात पाइप तुटून पंप पेट्रोल ओतत राहण्यापेक्षा वाईट काही नाही.

खराद_वरूड

फॅब्रिकेशनचं सांगतो.

मूळचं एक्झॉस्ट मेनिफोल्ड बिडाचं आहे, त्याला वेल्डिंग करू नका. निकेल रॉड वापरून, तापवून, राखेत हळू थंड करून होतं, पण पहिल्याच पावसाळ्यात तडा जातो. सायलेन्सरचा पाइप जिथं मेनिफोल्डला बसतो तिथंच १२ मिलिमीटर प्लेटचा फ्लँज बसवा. वरून ४० एनबी सी क्लास काळा पाइप आणि जाड बेंड, त्याच्या टोकाला टर्बोचा फ्लँज. टर्बोच्या तोंडाचा छाप पोस्टकार्डावर ग्रीसने घ्या, भोकं त्यावरूनच मारा. जस्ताचा मुलामा असलेला पाइप घेऊ नका, वेल्डिंगला जस्ताचा धूर निघतो, माणूस आजारी पडतो. वेल्डिंग झालं की फ्लँज खरादवर पुन्हा फेस करा, कारण प्लेट हमखास वाकते. कागदी पॅकिंग नको, स्टीलचं लावा. टर्बोचं वजन मेनिफोल्डवर लटकत ठेवू नका, इंजिन ब्लॉकला पट्टीचा आधार द्या. चेसिसला आधार दिला तर इंजिन हललं की फ्लँज तुटेल.

ऑइल: ऑइल प्रेशर स्विचखाली टी टाकून ४ मिलिमीटर आतल्या भोकाची, स्टीलच्या जाळीची नळी. ती सोपी. परतीची नळीच बहुतेकांची चुकते. तेल टर्बोमधून फेस होऊन, दाबाशिवाय खाली पडतं. तिला आतून किमान १५ मिलिमीटर भोक लागतं, उतार सलग लागतो, मध्ये कुठं पोट नको, आणि इंजिनखालच्या तेलाच्या चेंबरमध्ये पातळीच्या वर उघडली पाहिजे. पातळीखाली उघडली तर तेल टर्बोतच तुंबतं आणि सीलमधून सायलेन्सरमध्ये जातं. लोक मग म्हणतात टर्बो खराब निघाला. चेंबर खाली उतरवूनच भोक मारा. गाडीवर असताना ग्रीस लावून ड्रिल मारणारे आहेत, पण एक कीस जरी आत राहिला तर तो ऑइल पंपात जातो.

वेस्टगेट, म्हणजे बूस्ट हवा तेवढा झाला की धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप: ती उघडणारा डिझेलचा ॲक्चुएटर तुमच्या ०.३५ बारला हलणारही नाही, त्याची स्प्रिंग जास्त दाबाची असते. सायकलचा पंप, एक टी आणि ० ते १ बारचा गेज घ्या, नळी थेट ॲक्चुएटरला लावून हळूहळू हवा भरा. दांडा कुठं हलायला लागतो ते गेजवर पाहा. ०.२५ ला सुटून ०.३५ ला ५–६ मिलिमीटर बाहेर आला तर ठीक. नाही तर हलक्या स्प्रिंगचा ॲक्चुएटर शोधा. दांडा लांब करून स्प्रिंगचा ताण थोडा कमी होतो, पण त्याला मर्यादा आहे. ॲक्चुएटरची नळी टर्बोच्या तोंडावरून थेट घ्या, मध्ये कॉक, टी, वॉल्व्ह काहीच नको. ती नळी निसटली की बूस्टला लगाम राहत नाही, म्हणून दोन्हीकडे क्लिप.

आणखी एक. डिझेलच्या टर्बोतलं वेस्टगेटचं भोक लहान असतं. पेट्रोलचा धूर जास्त गरम, म्हणून आकारमानानेही जास्त. वरच्या रेसला झडप पूर्ण उघडूनही बूस्ट आपोआप वर सरकू शकतो. पहिल्या फेरीत ४,००० च्या पुढे गेज पाहत राहा. सरकला तर ते भोक गोल कानशीने दीड-दोन मिलिमीटर मोठं करावं लागेल, झडपेची बैठक सोडून.

निळा_धूर

जेटसुईंनी ड्रॉ-थ्रूला, म्हणजे कार्बोरेटर टर्बोच्या आधी ठेवण्याला, एका ओळीत बाजूला केलं, ते थोडं अन्यायाचं वाटतं. कार्बोरेटर टर्बोच्या आधी ठेवला की तो नेहमीच्याच हवेच्या दाबावर काम करतो. मूळ पंप चालतो, फ्लोटचा, सीलचा, रेग्युलेटरचा सगळा ताप वाचतो. १९६२ ची शेव्हरोले कॉर्व्हेअर मोन्झा स्पायडर याच पद्धतीची होती, वेस्टगेटसुद्धा नव्हतं.

जेटसुई

@निळा_धूर, पंपाचं बरोबर आहे. पण त्यासाठी टर्बोच्या शाफ्टला हवेच्या बाजूने कार्बन सील लागतं. डिझेलच्या टर्बोत पिस्टन रिंगसारखं सील असतं, ते टर्बोच्या तोंडात दाब आहे या गृहीतकावर चालतं. ड्रॉ-थ्रूमध्ये रेस सोडली की थ्रॉटल बंद, आणि इंजिनचा सगळा व्हॅक्यूम टर्बोच्या आत. तो शाफ्टवरून तेल ओढतो. घाट उतरताना निळा धूर निघेल, तुमच्या नावासारखा. शिवाय इंटरकूलर लावता येत नाही, त्याच्या थंड नळ्यांवर पेट्रोलचे थेंब जमतात आणि बॅकफायर आला तर पेटायला पेट्रोलच्या वाफेने भरलेला पूर्ण इंटरकूलर समोर असतो. ४५ अंशांच्या गावात इंटरकूलर सोडून देणं परवडत नाही. रेनॉ ५ जीटी टर्बो, लोटस एस्प्री टर्बो, एमजी मेट्रो टर्बो या ऐंशीच्या दशकातल्या कार्बोरेटरवाल्या गाड्या ब्लो-थ्रूच होत्या.

निळा_धूर

कार्बन सीलचा मुद्दा मान्य. कबाडातल्या टर्बोला ते मिळणार नाही.

दर्यापूरकर_८००

ब्लो-थ्रूच करतो. कार्बोरेटरवर टोपी बसवायची की पूर्ण कार्बोरेटर डब्यात बंद करायचा? आणि जेट किती वाढवायचे?

जेटसुई

डबा. टोपीत फक्त तोंडाला दाब मिळतो, कार्बोरेटरचं बाकी अंग बाहेरच्या हवेत राहतं. थ्रॉटलच्या शाफ्टला पंचवीस वर्षांत खेळ आलेला असतो. तिथून बूस्टमध्ये पेट्रोलमिश्रित हवा फवाऱ्यासारखी बाहेर येते, खाली तापलेलं मेनिफोल्ड. ॲक्सिलरेटर पंपाच्या डायफ्रामलाही एका बाजूने दाब, दुसऱ्या बाजूने नाही. सेकंडरी (कार्बोरेटरचं जास्त रेसला उघडणारं दुसरं तोंड) डायफ्रामवर उघडत असेल तर तीही वेड्यासारखी वागते. डब्यात सगळ्यांना चारही बाजूंनी सारखाच दाब, भांडण संपलं. डबा ३ मिलिमीटर ॲल्युमिनियमचा किंवा २ मिलिमीटर लोखंडी पत्र्याचा, झाकण उघडता येईल असं, बोल्ट ५० मिलिमीटर अंतरावर, रबर कॉर्डचं पॅकिंग. ॲक्सिलरेटरची केबल आत नेऊ नका, ती गळते. थ्रॉटलचा शाफ्ट वाढवून डब्याच्या भिंतीतून पितळी बुश आणि ओ-रिंगमधून बाहेर काढा, केबल बाहेरच्या लिव्हरला. पेट्रोलची नळी बल्कहेड फिटिंगमधून.

डबा तयार झाला की इंजिन बंद, पेट्रोल काढलेलं, आणि हवा भरा ०.४ बारपर्यंत. साबणाचं पाणी ब्रशने लावा. कोपऱ्याच्या वेल्डिंगवर मोहरीएवढे फुगे एकामागे एक आले तर ते चालेल असं समजू नका, मेणबत्ती लावल्यासारखी पेटणारी जागा तीच.

फ्लोट पाहा. पोकळ पितळी फ्लोट दाबाने चेपतो, चेपला की बुडतो, बुडला की कार्बोरेटर ओव्हरफ्लो. डब्यात फ्लोटच्या बाहेर दाब, आत साधी हवा, हे विसरू नका. भरीव फोमचा फ्लोट मिळाला तर तो. प्लॅस्टिकचा पोकळ असेल तर गरम पाण्यात बुडवून फुगे येतात का पाहा.

जेटचं गणित असं. कार्बोरेटरमध्ये पेट्रोल-हवेचं प्रमाण हवेच्या घनतेच्या वर्गमुळाने बदलतं. ०.३५ बार बूस्ट, इंटरकूलरनंतर हवा ६० अंश धरली तर घनता १.२९ पट, वर्गमूळ १.१३. म्हणजे मिश्रण आपोआप १३ टक्के पातळ होणार. त्यात आता पंपावर मिळतं ते वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. साध्या पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा पुरते, याला साधारण १३.५. म्हणजे जुने जेट आधीच आठ-नऊ टक्के कमी पडतात. त्याशिवाय बूस्टमध्ये मिश्रण थोडं जाड लागतं. एकूण पेट्रोल २५–३० टक्क्यांनी वाढवायचं, म्हणजे जेटच्या भोकाचा व्यास १२–१४ टक्क्यांनी.

पण हे दोन्ही जेटला सारखं करू नका. प्रायमरी जेट रोजच्या चालण्याचा आहे, तो फक्त इथेनॉलपुरता, चार टक्क्यांनी वाढवा. बाकीची वाढ सेकंडरीला, तो पूर्ण रेसवरच उघडतो: तिथं १५ टक्के. सेकंडरीचा १.०० चा जेट असेल तर १.१५. जेट बाजारातल्या ड्रिलने मोठे करू नका. ड्रिल भोकाला आतून रेघा पाडतं आणि ०.०५ मिलिमीटरची चूक म्हणजे या आकाराला दहा टक्के पेट्रोल. जेट रीमर वापरा, नाही तर क्रमांकाचे तयार जेट.

आणि वाइडबँड सेन्सर लावल्याशिवाय बूस्टमध्ये जाऊ नका. एका वायरचा जुना ऑक्सिजन सेन्सर फक्त जाड की पातळ एवढंच सांगतो, किती ते नाही. गेज लॅम्डात वाचा (१ म्हणजे हवा नेमकी पुरेशी, त्याहून कमी म्हणजे मिश्रण जाड), कारण १४.७ चे आकडे शुद्ध पेट्रोलचे आहेत. पूर्ण बूस्टमध्ये ०.७८ ते ०.८२. बूस्ट असताना ०.८८ दिसला की लगेच पाय काढा.

फिलर_गेज

हेड पॅकिंगचं मी सांगतो, कारण जाड पॅकिंग म्हणजे सुरक्षित इंजिन असा समज पसरून राहिला आहे.

बोअर ६८.५, स्ट्रोक ७२, एका सिलिंडरचे २६५ सीसी. कॉम्प्रेशन ८.७ धरलं तर वरची जागा ३४.५ सीसी. पॅकिंग एक मिलिमीटरने जाड केलं तर ३.७ सीसी वाढतात, कॉम्प्रेशन ७.९ वर येतं. आकडा छान दिसतो. पण पिस्टनच्या कडेला जी अरुंद जागा हवा दाबून मध्ये ढकलते, ती एक मिलिमीटरने रुंद होते आणि तिथं कोपऱ्यात मिश्रण निवांत तापत बसतं. नॉकिंग, म्हणजे ठिणगीची ज्वाळा पोचण्याआधी मिश्रण आपोआप भडकणं, तिथूनच सुरू होतं. शिवाय हेड एक मिलिमीटर वर गेलं की टायमिंग बेल्टमुळे कॅम थोडा मागे पडतो, आणि बूस्ट नसताना गाडी आधीपेक्षा ढिली वाटते. दोन पॅकिंग एकावर एक टाकणाऱ्यांबद्दल काही बोलत नाही.

०.३५ बारसाठी ८.७ वरच राहा. हेड फेस करून घ्या, नवीन एकच चांगलं पॅकिंग, बोल्ट स्वच्छ करून टॉर्क रेंचने मधून बाहेर अशा क्रमाने, तीन टप्प्यांत. संरक्षण इग्निशनमधून मिळवा.

डिस्ट्रिब्युटर: ढोबळ नियम, एक पीएसआय बूस्टला एक अंश स्पार्क मागे. तुमच्याकडे पाच पीएसआय, म्हणून स्ट्रोबने मूळ खुणेपासून पाच अंश मागे लावा. व्हॅक्यूम ॲडव्हान्स (हलक्या रेसला स्पार्क पुढे घेणारा डायफ्राम) काढू नका, साध्या चालण्यात तोच पेट्रोल वाचवतो. फक्त त्याच्या नळीत एकमार्गी झडप घालू नका, ती व्हॅक्यूम आत अडकवते आणि बूस्टमध्येही स्पार्क पुढेच राहतो. प्लग एक नंबर थंड. एनजीकेत आकडा वाढला की प्लग थंड, बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड. दुकानात उलटं देतात. गॅप ०.८ वरून ०.६. दाबलेल्या हवेत ठिणगी उडायला कठीण जाते, गॅप मोठा राहिला तर बूस्टमध्ये गाडी फटफट करते आणि लोक पेट्रोलला दोष देतात. पॉइंट असतील तर ते नवीन, कंडेन्सरसकट.

नॉकिंग कानाने ओळखता येतं, बरणीत खडे हलवल्यासारखं, पण काच उघडी आणि सायलेन्सरचा आवाज मोठा असेल तर नाही. म्हणून पहिल्या आठवड्यात प्रत्येक चढानंतर प्लग काढून पाहा. पांढऱ्या चिनी मातीवर खसखशीएवढे चकचकीत ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तिथून पुढे एक किलोमीटरही चालवू नका. यातली पुढची पायरी म्हणजे वरच्या दोन रिंगांमधली पट्टी तुटणं, आणि ते झाल्यावर कॉम्प्रेशन टेस्टमध्ये एकच सिलिंडर एकदम खाली दिसतो.

पूर्णाकाठ

उन्हाळ्याचा प्रश्न राहिला. गणित करून पाहा: बाहेर ४५ अंश, बूस्ट ०.३५ ते ०.४, टर्बोची कार्यक्षमता ६५ टक्के. टर्बोतून बाहेर हवा सुमारे ९० ते ९५ अंशांवर येते. फिल्टर बॉनेटच्या आत असेल आणि तिथली ६० अंशांची हवा ओढली तर ११० च्या आसपास. म्हणून फिल्टर बाहेरची हवा घेईल असा बसवा आणि इंटरकूलर लावाच. छोट्या डिझेल गाडीचा इंटरकूलर चालतो, समोर ग्रिलच्या मागे. रेडिएटरच्या पुढे झाकून बसवला तर रेडिएटर गरम राहील, म्हणून बाजूला, पंख्याच्या हवेबाहेर पण समोरच्या वाऱ्यात.

फिल्टरच्या बाबतीत आपल्याकडची धूळ साधी नाही. पांदण रस्त्यावरची काळी माती पिठासारखी उडते, आणि कापूस वेचणीपासून मार्चपर्यंत जिनिंगच्या रस्त्यावर रुईची पुंजकी. टर्बोचा पंखा मिनिटाला लाखाच्या वर फिरतो, धूळ गेली तर पात्यांच्या कडा कानशीने घासल्यासारख्या होतात. उघडा जाळीचा शंकू फिल्टर लावू नका. मोठा कागदी फिल्टर बंद डब्यात, तोंडाला बारीक जाळी. आणि रुई इंटरकूलर-रेडिएटरच्या फटीत बसते, गोधडीसारखी. बाहेरून दिसत नाही, टॉर्च मागून मारली तरच कळतं. दर पंधरा दिवसांनी मागून पुढे हवा मारा.

दर्यापूर खारपाणपट्ट्यात (जमिनीतलं पाणी खारं असलेल्या भागात) येतं, म्हणून खास सांगतो. रेडिएटरला बोअरचं पाणी घालू नका. हेड ॲल्युमिनियमचं आहे, क्षारांनी पाण्याच्या वाटा खातं, आणि पाण्याच्या वाटेत पापुद्रा बसला की तेवढ्या जागी हेड जास्त तापतं. टर्बोवर तिथंच नॉकिंग. डिस्टिल्ड पाणी अर्धं, कूलंट अर्धं. थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत आहे, तीही नको. इंजिन कधीच नीट तापत नाही आणि तेलात पेट्रोल उतरत राहतं.

कार्बोरेटरखाली मूळचं काळं जाड इन्सुलेटर पॅकिंग शाबूत आहे का पाहा. इथेनॉलचं पेट्रोल लवकर उकळतं. परतीची लाइन आहे म्हणून वाफेचा त्रास कमी राहील, पण पाइप टर्बोपासून वीतभर लांब आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. जुने रबरी पेट्रोल पाइप सगळे बदला, इथेनॉलने ते आतून सोलतात आणि ते सालपट सुईत अडकतं.

आरसी_बुक

मध्येच कायद्याचं. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: आरसीवरची माहिती उत्पादकाने ठरवलेल्या माहितीपेक्षा वेगळी होईल असा बदल परवानगीशिवाय चालत नाही. अपघात झाला तर विमा कंपनी याच मुद्द्यावर अडवू शकते. १९९८ ची गाडी म्हणजे आरसीचं नूतनीकरण दर पाच वर्षांनी, तेव्हा इन्स्पेक्टर बॉनेट उघडतो. आधी आरटीओत विचारा, मग ड्रिल मारा.

बारा_वॉल्व्ह

एक शंका. ०.३५ बारने ३७–३८ ची ४५–४६ बीएचपी होणार. नंतरच्या एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनवाल्या) ८०० चं बारा वॉल्व्हचं इंजिन कंपनीतूनच ४५ चं यायचं. ते अख्खं बसवलं तर हा डबा, रेग्युलेटर, खसखस काहीच नाही. एवढी खटपट काहून?

जेटसुई

बरोबर प्रश्न. बीएचपी तेवढीच, पण बारा वॉल्व्हला ती वरच्या रेसला मिळते आणि टॉर्क ६० च्या आसपासच राहतो. टर्बोवर ३,००० आरपीएमलाच ७०–७५ न्यूटन मीटर येतील, आणि घाटात तिसऱ्या गिअरला नेमकं तेच लागतं. पण कोणी फक्त हायवेसाठी विचारत असेल तर त्याने एमपीएफआयच बसवावं, टर्बोच्या नादी लागू नये.

दर्यापूरकर_८००

आरटीओत अर्जाची चौकशी आधी करतो. सगळं जुळलं आणि चालू करायची वेळ आली, तर पहिल्या दिवशी काय क्रम ठेवू? आणि क्रँककेस व्हेंटचं कोणी बोललं नाही.

जेटसुई

व्हेंटचं राहून गेलं, बरं विचारलं. मेनिफोल्डकडे जाणाऱ्या पीसीव्ही नळीत (इंजिनच्या पोटातली वाफ ओढणारी) एकमार्गी झडप टाका, नाही तर बूस्ट तेलाच्या चेंबरमध्ये जाऊन डिपस्टिक उडवेल. दुसरी नळी टर्बोच्या आधी, फिल्टरनंतर. ब्रेक बूस्टरच्या नळीतली झडपही तपासा: तोंडाने एका बाजूने फुंकली की हवा गेली पाहिजे, दुसऱ्या बाजूने नाही. ती गळकी असेल तर बूस्टमध्ये ब्रेक दगडासारखा होतो.

पहिल्या दिवशी: टर्बोच्या ऑइल तोंडात चमचाभर तेल ओता. डिस्ट्रिब्युटरची वायर काढून स्टार्टर १०–१० सेकंद मारा, ऑइल प्रेशरचा दिवा विझेपर्यंत, आणि परतीच्या नळीत तेल दिसेपर्यंत. मग चालू करा आणि रेस न देता दहा मिनिटं, तेवढ्यात सगळे जोड हाताने नाही, डोळ्याने तपासा. वेस्टगेटची झडप तारेने उघडी बांधा आणि ५० किलोमीटर असंच फिरा, बूस्टशिवाय. आयडल, चढ-उतार, प्रायमरी जेट इथंच जुळवा, लॅम्डा ०.९५ ते १.० साध्या चालण्यात. मग तार काढा. संध्याकाळी सातनंतर, सपाट रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये २,५०० वरून पूर्ण रेस, फक्त तीन सेकंद, शेजारच्याने गेज पाहावा आणि आकडा मोठ्याने सांगावा. चालवणाऱ्याने गेजकडे पाहू नये. सेकंडरी जेट ठरेपर्यंत घाटाकडे जाऊ नका.

तेल १५डब्ल्यू४० चांगल्या प्रतीचं, ४,००० किलोमीटरला बदल. चढून आल्यावर दोन मिनिटं आयडल ठेवूनच बंद करा, लगेच चावी काढली तर टर्बोच्या बुशात तेल जळून काळी पपडी होते.

खराद_वरूड

आणि क्लच प्लेट आधीच पाहून घ्या. चौथ्या गिअरला ४० च्या स्पीडवरून पूर्ण रेस दिल्यावर आरपीएम चढला आणि गाडी तिथंच राहिली, तर टर्बो बसवण्याआधी ती बदला. तीच गोष्ट पुढच्या ब्रेकची.